पाटे वाढवून मिळतील

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किलोचा हिशेब फारसा कुणी बोलत नाही. इथे क्रेट चालतो. वीस किलो टोमॅटोचा एक क्रेट. भाव क्रेटवर फुटतो, हमाली क्रेटवर ठरते आणि पिकअपवाल्याला फोन जातो तोही "किती क्रेट नेशील?" असाच. जूनमधल्या एका सकाळी पांढऱ्या बोलेरो पिकअपच्या हौद्यात क्रेट चढत होते आणि मी बाजूला उभी राहून मोजत होते. हमालांचा हात बसलेला. एक खालून फेकतो, दुसरा वर झेलून रचतो. फाळक्याची उंची कधीच मागे पडली, कॅबिनच्या टपाच्याही वर दोन थर गेले, मग चालकाने दोर टाकला. एकशे तीस क्रेट. रिकाम्या क्रेटचं वजन सोडून दिलं तरी सव्वीसशे किलो माल. गाडीचं पासिंग, म्हणजे तिला मंजूर असलेला माल, सतराशे किलोचं.

"ताई, गाडी बसली का बघा जरा," चालक म्हणाला. आवाजात कौतुक होतं. गाडी खरंच बसली नव्हती. मागचं चाक आणि हौदा यांच्यामध्ये हात सहज जाईल एवढी फट शिल्लक होती. "पाटे वाढवलेत," त्याने खुलासा केला. पाटे म्हणजे एक्सलवरच्या कमानीतल्या, स्प्रिंगचं काम करणाऱ्या लोखंडी पट्ट्या.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'ओझं' हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या मनात संसाराचं, आठवणींचं, अपेक्षांचं वगैरे ओझं असणार. दिवाळी अंकात ते दरवर्षी कुणीतरी वाहतंच. मला मात्र पुणे-नाशिक रस्त्यावर माझ्यापुढे डुलत चाललेली पिकअप आठवली आणि प्रश्न पडला की सतराशे किलोच्या गाडीत सव्वीसशे किलो नेमके राहतात कुठे.

भट्टी, हातोडा आणि यू बोल्ट

चाकणपासून आळेफाट्यापर्यंत रस्त्याकडेला कमान-पाट्यांची दुकानं आहेत. पत्र्याची शेड, दारात गंजलेल्या पाट्यांचा ढीग, आत कोळशाची भट्टी आणि ऐरण. एका पाटीवर रंगवलेलं होतं: 'पाटे वाढवून मिळतील'. आतल्या चाचांचे हात कोपरापर्यंत काळे. ट्रकच्या जमान्यापासून हेच काम करताहेत. हल्ली येणाऱ्यांत पिकअपच जास्त, असं ते म्हणाले.

काम बघायला सोपं वाटतं. गाडी मागून जॅकवर उचलायची, चेसीखाली घोडी लावायची, यू बोल्ट सोडायचे, सेंटर बोल्ट काढायचा, की पाट्यांचा जुडगा मोकळा होतो. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात, त्यांत बुश बसतात. त्याच्याखाली उतरत्या लांबीचे बाकीचे. चाचांनी ढिगातून एक जुना पाटा ओढला, ऐरणीवर आडवा टाकला आणि हातोडीने ठोकला. टण्ण असा लांब आवाज आला. दुसरा ठोकला, तो ठक्क करून गप्प झाला. तो त्यांनी न बोलता बाहेर फेकला. आत चीर होती. मग चांगला निघालेला पाटा मापाने कापला, भट्टीत लालबुंद केला, ठोकून त्याला बाक दिला आणि तेलात बुडवला. धूर शेडभर झाला. तासा-दीड तासात दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढले, लांब यू बोल्ट आवळले गेले आणि गाडीचं बूड चार बोटं वर आलं.

पाट्याचं शास्त्र चाचांना पाठ आहे, भाषा त्यांची. त्याच जाडीचा आणखी एक पाटा घातला की जुडग्याचा ताठरपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो. जाड पाटा घातला तर हिशेब फार झपाट्याने चढतो. जाडी दुप्पट म्हणजे ताठरपणा आठपट. म्हणून शहाणा कारागीर जाड पाटा एकदम घालत नाही. "जाड घातला तर रिकामी गाडी उड्या मारते, आणि एक दिवस हँगरपाशी चेसी फाटते," चाचा म्हणाले. चेसी फाटली की पुढे वेल्डिंगवाला असतोच. त्याने लावलेल्या डागाच्या कडेला लोखंड उष्णतेने बदलतं आणि पुढची चीर बहुतेकदा तिथूनच निघते.

मी विचारलं, "चाचा, पाटे वाढवले की गाडी किती जास्त माल ओढू शकते?"

"मैं तो पाटा बनाता हूँ, बेटा," ते म्हणाले. "गाडी कंपनी बनाती है."

या विषयावर मी जेवढं ऐकलं त्यात एवढं नेमकं कुणी बोललं नाही.

हौद्याखालची काडी

पाटे वाढल्याने बदलतात ते फक्त पाटे. मागचा एक्सल तोच, हबमधली बेअरिंग तीच, टायर तेच, ब्रेकचे ड्रम आणि लायनर तेच, चेसीचा पत्रा तोच. चालकाला पूर्वी गाडी बसलेली दिसायची, आता दिसत नाही. म्हणजे गाडी जी तक्रार करत होती, तेवढी पैसे देऊन बंद केलेली असते. पण एक भाग असा आहे, ज्याचं पाटे वाढवल्याने थेट नुकसान होतं, आणि त्याच्याविषयी बाजारात कुणी चकार शब्द काढत नाही.

ओतूरच्या एका गॅरेजमध्ये तरुण मेकॅनिकने मला खड्ड्यात उतरायला लावलं. वर पिकअप उभी. बॅटरीच्या उजेडात त्याने मागच्या एक्सलवरून चेसीकडे गेलेली बोटाएवढ्या जाडीची एक काडी दाखवली. काडीचं वरचं टोक एका छोट्या धातूच्या ठोकळ्यात गेलेलं, त्या ठोकळ्यातून ब्रेकच्या नळ्या निघालेल्या. हा लोड व्हॉल्व्ह. कंपनीच्या कागदात त्याला एलएसपीव्ही म्हणतात आणि आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना तो असतो.

त्याचं काम हुशारीचं आहे. रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असते. तिच्या मागच्या चाकांना पूर्ण ब्रेक दिला तर ती जागीच अडकतात आणि गाडी मागून फिरते. भरलेल्या गाडीला मात्र मागे पूर्ण ब्रेक हवा असतो. गाडी भरली आहे की रिकामी हे व्हॉल्व्हला कसं कळणार? तर बसण्यावरून. माल चढला की पाटे दबतात, चेसी एक्सलच्या जवळ येते, काडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो.

आता पाटे वाढवा. अडीच टन माल भरूनही चेसी खाली येत नाही. काडी हलत नाही. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी अर्धी रिकामी आहे, म्हणून तो मागच्या चाकांना दाब कमीच देतो. ब्रेकचं बहुतेक काम पुढच्या दोन डिस्कवर येतं. सर्वांत जड गाडीला सर्वांत कमी मागचा ब्रेक!

"मग तुम्ही काय करता?" मी विचारलं.

मेकॅनिकने शेजारच्या गाडीखाली नेलं. तिथे काडी तारेने वर ओढून बांधून टाकलेली होती, म्हणजे व्हॉल्व्ह कायम उघडा. भरलेल्या गाडीला ते ठीक. पण माल उतरवून हीच गाडी पावसात रिकामी परत येते, तेव्हा एका जोराच्या ब्रेकला तिची मागची चाकं घसरतात. तार बांधणाऱ्याला हे माहीत असतं. गिऱ्हाईकाला सहसा सांगितलं जात नाही. व्हॉल्व्हची काडी नव्या उंचीला नीट जुळवून देणं शक्य असतं, पण त्याला वेळ लागतो, मोजमाप लागतं, आणि त्याचे वेगळे पैसे द्यायला कुणी तयार नसतो.

आकडा कुठून येतो

'पासिंग' हा आकडा आरटीओ ठरवतं, असा सगळीकडे समज आहे. आरटीओ तो फक्त नोंदवतं. गाडी किती एकूण वजन पेलेल हे कंपनी जाहीर करते आणि मान्यताप्राप्त चाचणीसंस्था ते तपासून प्रमाणपत्र देते. त्यातली सर्वांत जुन्यांपैकी एक आपल्या पुण्यातच आहे, वेताळ टेकडीच्या कुशीतली एआरएआय, १९६६ साली स्थापन झालेली. तिथे गाडी पूर्ण वजन लादून थांबवून बघतात, चढावर चढवून बघतात, हँडब्रेकवर उभी करून बघतात. साखळीतली जी कडी सर्वांत आधी हार मानेल, तिच्या अलीकडे आकडा थांबतो. ती कडी बहुतेकदा पाटा नसतेच.

टायरचंच घ्या. टायरच्या बाजूला मापाशेजारी एक आकडा असतो, तो वजनाचा निर्देशांक. १०० म्हणजे ८०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो, ११२ म्हणजे १,१२० किलो, तेही हवा पूर्ण असताना. पिकअपला मागे बहुधा दोनच चाकं. १०८ चे टायर असतील तर मागच्या एक्सलवर दोन टन, त्यातच गाडीचं स्वतःचं मागचं वजनही आलं. बाजारातल्या त्या एकशे तीस क्रेटचा बहुतांश भार मागच्याच एक्सलवर होता. वजाबाकी वाचकांनी करावी.

वजनाची मर्यादा रस्ते वाचवण्यासाठी असते, असं सरकारी फलकांवर लिहिलेलं असतं. मोठ्या ट्रकबाबत ते खरं आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास रस्ते बांधून त्यांवर ट्रक पळवले गेले; त्यातून निघालं की रस्त्याचं नुकसान एक्सलच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट तर नुकसान सोळापट. पण हाच हिशेब उलटा लावला तर दोन टनांचा एक्सल दहा टनांच्या एक्सलपेक्षा सहाशेपटींहून कमी नुकसान करतो. महामार्गाची चाळण करण्यात पिकअपचा हात जवळजवळ नाहीच. २०१८ साली केंद्राने मोठ्या ट्रकच्या एक्सलची मर्यादा वाढवली, दोन एक्सलचा ट्रक १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेला. पिकअपवाल्यांपैकी अनेकांना वाटतं की ती सूट आपल्यालाही मिळाली. पिकअप त्या मर्यादांच्या आसपासही नसते; तिला बांधून ठेवणारा आकडा कंपनीने दिलेलाच. तो न पाळल्याने रस्ता खचत नाही. गाडीतला माणूस आणि समोरून येणारा माणूस यांच्याशी त्याचा संबंध आहे.

खेपेचं भाडं

चालकांना हे कळत नाही, असं समजणं हा शहरी माणसाचा आवडता गैरसमज. बाजारात, चहाच्या टपरीवर, ज्यांच्याशी बोलले त्या प्रत्येकाला गाडीचं पासिंग तोंडपाठ होतं. अडचण दुसरीकडे आहे. भाडं खेपेवर ठरतं. सत्तर क्रेट न्या नाहीतर एकशे तीस, वाशीची किंवा कल्याणची खेप तेवढ्याच पैशांत. व्यापाऱ्याला एका गाडीत काम होत असेल तर तो दोन गाड्या सांगणार नाही. जो "सत्तरच नेतो" म्हणेल, त्याचा नंबर पुढच्या वेळी फिरवला जात नाही. गाडीचा हप्ता मात्र दर महिन्याला त्याच तारखेला जातो.

"आपण नाही म्हटलं की दुसरा उभाच आहे," एक जण म्हणाला. गाडी त्याच्या मेव्हण्याच्या नावावर, हप्ता याचा, चालक हाच. नियम मोडला तर दंड कुणाच्या नावावर जाईल हे त्याने तीनदा सांगितलं. माल कुणाचा होता हे कागदावर कुठेच येत नाही, हेही सांगितलं.

कंपन्यांनाही हा बाजार कळतो. टाटांचा छोटा हत्ती २००५ साली पाऊण टनाच्या आसपास माल घेऊन आला, पिकअप एक टनाच्या, सव्वा टनाच्या, पावणेदोन टनाच्या, आणि आता दोन टन पासिंगच्याही मिळतात. हे स्वागतार्हच. दोन टनाची गाडी कागदोपत्री दोन टनाची असते तेव्हा तिचे ब्रेक आणि टायरही त्या मापाचे असतात. पण टपरीवरच्या मंडळींनी लगेच सांगितलं, दोन टनाची गाडी आली की व्यापारी तीन टन भरतो. त्या गाड्यांनाही पाटे वाढवायला चाचांकडे रांग लागते.

माळशेजचा उतार

कल्याणला भाजी घेऊन जाणाऱ्या एका पिकअपमधून मी माळशेज उतरले. चालक पन्नाशीचा, कमी बोलणारा. घाटाच्या तोंडाशी त्याने गाडी दुसऱ्या गिअरला टाकली आणि खालपर्यंत ती तिथेच ठेवली. इंजिन घुरघुरत राहिलं, ब्रेकवर पाय क्वचित. मधल्या काळात दोन पिकअप आम्हाला ओलांडून सुसाट गेल्या. "न्यूट्रलवर आहेत," तो म्हणाला. डिझेल वाचवतात. पुढच्या वळणावर त्यांच्या लायनरचा जळका वास आमच्या कॅबिनमध्ये आला.

उतारावर जड गाडीची सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरावी लागते. तीन टनांची गाडी साडेचार टनांची केली की तेवढ्याच वेगाला दीडपट उष्णता. ब्रेक ऑइल नवं असताना, डॉट ३ जातीचं असेल तर, २०५ अंशाला उकळतं. पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी प्रमाणात मानलेला आकडा १४० अंश आहे. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, पाय सरळ फळीपर्यंत जातो. त्यात कुणी उतारावर इंजिनच बंद केलं असेल तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर पुणेकर हे वर्षानुवर्षं पाहत आले आहेत.

चढाचीही गोष्ट तीच. ११ ऑगस्ट २०२५ च्या श्रावणी सोमवारी खेड तालुक्यात पापळवाडीच्या महिला पिकअपमधून कुंडेश्वराच्या दर्शनाला निघाल्या होत्या. घाटातल्या चढावर गाडी मागे आली आणि दरीत कोसळली. मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे आणि गावाला देवाला जायला दुसरं वाहन नाही, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

काटा, चलन आणि उतरवलेला माल

कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. काट्यावर गाडी न्यायला नकार दिला तर ४०,०००. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही, हेही त्याच कलमात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच बजावलं होतं की दंड घेऊन जादा मालासकट गाडी सोडणं चालणार नाही. कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल कलम ५२ ला मान्य नाही, आणि तो करणाऱ्या मालकाला कलम १८२अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

विमा कंपनीकडूनही हिसका बसतो. जादा वजन भरलेल्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अनेकदा पूर्ण मंजूर न होता पाऊणच होतो.

पण रस्त्यावर काय होतं? एका निवृत्त मोटार वाहन निरीक्षकांनी मला उलट विचारलं, "टोमॅटोचे साठ क्रेट मी भर उन्हात उतरवायचे कुठे, आणि सांभाळायचे कुणी?" तपासणीच्या जागी सावली नाही, गोदाम नाही, बऱ्याच ठिकाणी काटाही जवळ नाही. मग चलन फाडलं जातं आणि माल चढलेलाच राहतो. कलम १९४ मध्ये गाडी चालवणाऱ्याबरोबर ती 'चालवायला लावणारा'ही येतो. पण माल भरणाऱ्या व्यापाऱ्यावर ते कलम लावलेलं या निरीक्षकांनी आपल्या नोकरीत फारसं पाहिलं नाही. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथे आहे. चलन ज्याच्या नावावर फाटतं, त्याच्या हातात किती क्रेट चढवायचे हे नसतं.

दुसरीकडे कसं

अमेरिकेत पिकअपमागे घोड्यांचे, बोटींचे, फिरत्या घरांचे ट्रेलर जोडण्याची हौस मोठी. तिथेही लोक पाटे वाढवतात, हवेच्या पिशव्या बसवतात. पण चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर एकूण वजनाचा आकडा, आणि कितीही पिशव्या बसवल्या तरी तो आकडा हलत नाही. ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट काढली आहे. तिथे पाट्यांबरोबर लागेल ते सगळं, प्रसंगी ब्रेक आणि चाकंही, एकत्र तपासून मंजूर केलेला संच अधिकृतपणे बसवता येतो. मग गाडीवर नवी धातूची पाटी लागते आणि नवा आकडा कायदेशीर होतो. खर्च बराच येतो, पण माणूस चोर ठरत नाही.

आपल्याकडे अशी वाट असती तर चाचांसारख्यांच्या कसबाला कागद मिळाला असता, आणि पाट्याबरोबर लोड व्हॉल्व्हची काडी जुळवणंही कामात धरलं गेलं असतं. निदान ती तार तरी दिसली नसती. आज एकीकडे कलम ५२ आहे, दुसरीकडे उघड्या रस्त्यावर रंगवलेली पाटी, आणि दोघांचं छान चाललं आहे.

ही जबाबदारी फक्त बाजार समितीतल्या व्यापाऱ्याची नाही. घर बदलताना, फरशी आणताना, गणपतीच्या मंडपाचं सामान नेताना आपणही पिकअप बोलावतो आणि "एका खेपेत बसवा" असं सांगतो. पुढच्या वेळी चालकाकडून आरसी मागून घ्या. त्यात दोन वजनं लिहिलेली असतात, भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं. पहिल्यातून दुसरं वजा करा, बसलेली माणसं धरून तेवढंच वजन चढवा, आणि उरलेल्या मालासाठी दुसऱ्या खेपेचे पैसे द्या.